वाचकांचे प्रश्न : अंतराळातील ऑनलाइन खेळ, तेथील छळ आणि खेळाडूंची वागणूक

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांतील लहान गावांतून अलीकडे आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत वाचायला मिळाली. इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायच्या अंतराळ-खेळांत काही खेळाडू दुसऱ्याला केवळ त्रास व्हावा म्हणून त्रास देतात. खेळणारी मुले याला ‘ग्रीफिंग’ म्हणतात. त्यातले किती खेळाचा भाग म्हणून सोसायचे आणि कोठे दाद मागायची, हे पत्रलेखकांना कळत नाही. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका गावचा असून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘एलिट डेंजरस’ या खेळात मी लढाया करत नाही, नवे तारे शोधत फिरतो. दिवाळीच्या सुटीत सुरू केलेला लांबचा प्रवास संपवून परत येत असताना, स्थानक अगदी समोर दिसत असताना, एका अनोळखी खेळाडूने माझे यान पाडले. यानात माल नव्हता आणि माझ्या डोक्यावर इनामही नव्हते. त्याला काही मिळाले नाही, माझे मात्र सगळे गेले. मित्र म्हणतात, हा खेळाचाच भाग आहे. सर, खरोखर तसे आहे का?

उत्तर : ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना तुझे नेमके काय गेले ते आधी सांगतो. इंग्लंडमधील केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये आणलेल्या या खेळात आपली आकाशगंगा सुमारे ४०० अब्ज तारकामंडळांसह (तारकामंडळ म्हणजे येथे एक तारा आणि त्याच्या भोवतीचे ग्रह) उभी केलेली आहे. यान नष्ट झाले तर त्याच्या किमतीच्या साधारण ५ टक्के रक्कम भरून तसेच यान परत मिळते, त्यामुळे लढणाऱ्या खेळाडूला एका पराभवाने फारसा फटका बसत नाही. शोधयात्रा करणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. वाटेत नोंदवलेल्या ग्रहताऱ्यांची माहिती स्थानकावर नेऊन विकेपर्यंत फक्त त्याच्या यानात असते आणि यान गेले की ती कायमची जाते. शिवाय एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे लांब उड्या मारता याव्यात म्हणून असे यान हलके ठेवावे लागते, कवच जेमतेम असते आणि शस्त्रे बहुधा नसतातच. म्हणजे ज्याचे सर्वांत जास्त जाणार असते तोच सर्वांत दुबळा असतो, आणि पाडणाऱ्याच्या हाती त्या माहितीतले काहीच लागत नाही.

नियम पाहिला तर तुझे मित्र बरोबर आहेत. या खेळात शिरताना तीन दरवाजे असतात : सगळ्यांसाठी खुला असलेला ‘ओपन’, ओळखीच्या किंवा नियम मान्य केलेल्या मंडळींचा ‘प्रायव्हेट ग्रुप’, आणि एकट्याचा ‘सोलो’. ज्याने ‘ओपन’ निवडले त्याने अनोळखी माणसाकडून हल्ला होण्याची शक्यता स्वीकारली, असे तेथे धरले जाते. हल्ला करणाऱ्याला खेळातल्या खेळात शिक्षा आहे. फेब्रुवारी २०१८ च्या सुधारणेपासून विनाकारण यान पाडणाऱ्याची कुप्रसिद्धी १ ते १० अशी चढत जाते आणि ती उतरेपर्यंत डोक्यावरचे इनाम भरून त्याला मोकळे होता येत नाही. परंतु एवढ्यावरून त्याला खेळाबाहेर काढले जात नाही.

माझे मत नियमापेक्षा कडक आहे. चाचेगिरीला माझी हरकत नाही. जो यान अडवतो, ‘इतका माल टाक आणि जा’ असे सांगतो आणि माल मिळाल्यावर खरोखर जाऊ देतो, त्याच्यामुळे त्या आकाशात फिरण्याला अर्थ येतो. शत्रुपक्षाचे यान पाडणारा किंवा इनामासाठी पाठलाग करणारा, यांनाही खेळातूनच काही हवे असते. ज्याला खेळातून काहीच नको असते आणि समोरच्याचे गेले एवढेच हवे असते, त्याच्या वागण्याला मी छळ म्हणतो, मग तो नियमात बसो वा न बसो. तुझ्या बाबतीत तेच घडले.

पुढच्या वेळी काय करायचे ते सांगतो. मनुष्यवस्तीपासून दूर असताना ‘ओपन’मध्ये राहिलास तरी सहसा कोणी भेटत नाही. धोका परतताना, गर्दीच्या मंडळांत असतो, आणि आकाशगंगा तिन्ही दरवाज्यांची एकच असल्याने तेवढ्यापुरता ‘सोलो’मध्ये जाऊन माहिती विकली तरी चालते. यात भित्रेपणा काही नाही. ‘ओपन’मध्येच यायचे असेल तर रडारवर लक्ष ठेव : संगणकाने चालवलेली याने भरीव खुणेने दिसतात, माणसांची पोकळ खुणेने. पोकळ खूण सरळ तुझ्या मागे येऊ लागली आणि त्याने तुला मार्गातून खेचले, तर झगडत बसू नकोस. वेग कमी करून शरण जा आणि लगेच दुसऱ्या तारकामंडळाकडे उडी घे. जवळच्या स्थानकाकडे पळण्याचा मोह टाळ, कारण शेजारी मोठे यान असले की त्याच मंडळात पळण्याची तयारी मंदावते, दुसऱ्या मंडळात जाण्याची मंदावत नाही.

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातील शेतकरी असून माझे वय ३४ आहे. रब्बीत शेताची लाइन रात्रीची असली की गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी जागावेच लागते. त्या वेळात मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप जोडून मी ‘ईव्ह ऑनलाइन’ खेळतो. माझे यान लघुग्रहांतून खनिज काढते. पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवून परत येईपर्यंत अनेकदा यानाचे तुकडे झालेले असतात, आणि तेही ‘सुरक्षित’ म्हटलेल्या भागात. भाऊ, तेथे पोलीस आहेत म्हणतात, मग ते करतात काय?

उत्तर : तेथील पोलीस शिक्षा करतात, रक्षण करत नाहीत. ही एक गोष्ट नवीन खेळाडूला कोणी नीट समजावून सांगितली तर निम्मा मनस्ताप वाचेल, असे मला वाटते.

आइसलँडमधील रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीने मे २००३ मध्ये सुरू केलेल्या या खेळात प्रत्येक तारकामंडळाला सुरक्षिततेचा आकडा असतो. ०.५ ते १.० हा भाग ‘हाय-सिक्युरिटी’. तेथे कोणी विनाकारण हल्ला केला तर ‘कॉनकॉर्ड’ नावाचे पोलीस येतात आणि हल्लेखोराचे यान हमखास नष्ट करतात. पण त्यांना यायला काही सेकंद लागतात, १.० मध्ये कमी आणि ०.५ मध्ये जास्त. हल्लेखोरांचा सगळा हिशेब त्या सेकंदांचा असतो. आपली याने जाणार हे धरूनच ते स्वस्त आणि जबर मारा करणारी याने आणतात, पाचदहा जण एकदम तुटून पडतात, आणि पोलीस येईपर्यंत तुमच्या यानाचा निकाल लागलेला असतो. माल सांडला असेल तर त्यांचाच एक साथीदार वेगळ्या यानातून येऊन तो उचलतो.

तुमच्यासारख्या खाणकाम करणाऱ्यांवर या लोकांचा विशेष डोळा असण्याला इतिहास आहे. २००९ पासून तेथे खाणकामाची ‘हल्क’ जातीची याने जास्तीत जास्त कोण पाडतो अशा बक्षिसांच्या स्पर्धाच खेळाडूंनी भरवल्या. एप्रिल २०१२ मध्ये एका बलाढ्य टोळीने ‘जिता’ या सर्वांत मोठ्या बाजारपेठेच्या मंडळात ये-जा करणारी मालवाहू याने ठरवून पाडली. त्याच सुमारास आणखी एक गट पुढे आला आणि खाणकाम करायचे असेल तर आमच्याकडून वर्षाला १ कोटी ‘इस्क’चा परवाना घ्या, असे सांगू लागला. इस्क हे तेथील चलन आहे. या गटाचा सगळ्यांत जास्त राग कोणावर होता, तर यान चालू ठेवून जागेवरून उठून जाणाऱ्यांवर. म्हणजे तुम्ही पाणी वळवायला जाता तो वेळ त्यांच्या दृष्टीने सोयीचाही असतो आणि ‘गुन्ह्या’चाही.

कंपनीने काहीच केले नाही असे नाही. पूर्वी पोलिसांनी नष्ट केलेल्या यानाचाही विमा मिळत असे, म्हणजे हल्लेखोराचा बराच खर्च विमाच भरून देत असे. २०११ मध्ये ते बंद झाले. २०१२ मध्ये खाणकामाच्या यानांची रचना बदलून काहींना भक्कम कवच दिले गेले. मात्र खेळाडूने खेळाडूला लुटणे, फसवणे, विश्वासघात करणे याला कंपनीने मुळापासून मोकळीक ठेवलेली आहे. २००५ मध्ये भाडोत्री गुप्तहेरांच्या एका गटाने कित्येक महिने एका संस्थेत विश्वासाने काम करून एका दिवसात तिची तिजोरी रिकामी केली, प्रमुखाचे यानही पाडले, आणि कंपनीने त्यात हात घातला नाही.

हे वाचून तुम्हाला चीड येईल. तरीही यान पाडले जाण्याबद्दल या खेळाला मी दोष देणार नाही, आणि त्याचे कारण तुमच्याच धंद्यात आहे. तुम्ही काढलेले खनिज विकले जाते ते कोठेतरी याने फुटतात म्हणून. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या मंडळात २१ तासांहून अधिक काळ हजारो खेळाडू झुंजले आणि ‘टायटन’ वर्गातील ७५ महायाने नष्ट झाली. ती पुन्हा बांधायला लागणारे खनिज तुमच्यासारख्यांनीच काढले. नुकसानच होणार नाही असे ते आकाश केले तर तुमच्या मालाला भाव राहणार नाही, आणि पडत्या भावाने काय होते हे कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्याला मी सांगायची गरज नाही.

म्हणून उपाय असा : ओलिताच्या रात्री खाणकाम करायचेच असेल तर जास्त खनिज काढणारे नाजूक यान सोडा आणि ‘प्रोक्युरर’ किंवा ‘स्किफ’सारखे भक्कम यान घ्या. ०.५ चे मंडळ टाळा. मंडळात असलेल्या खेळाडूंची यादी पडद्यावर सतत दिसत असते, ती उघडी ठेवा आणि एकदम सात-आठ अनोळखी नावे आली की स्थानकात शिरा. बांध ओलांडून जायचे असेल तर यान स्थानकात लावूनच जा. दहा मिनिटांचे खनिज बुडेल, यान वाचेल.

याच खेळात मर्यादा कोठे आखली गेली तेही सांगितले पाहिजे, कारण पुढच्या पत्रांशी त्याचा संबंध आहे. खेळाडूंनी निवडून दिलेले एक प्रतिनिधी मंडळ तेथे २००८ पासून कंपनीला सल्ला देते. २०१२ च्या वार्षिक मेळाव्यात त्या मंडळाच्या अध्यक्षाने, आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या एका खेळाडूला कसे गाठता येईल हे भर सभेत सांगितले आणि त्याला आणखी डिवचण्याची चिथावणी दिली. त्याला माफी मागून पद सोडावे लागले आणि ३० दिवसांची बंदीही झाली. २०१४ मध्ये एकाने खेळाडूंची मालमत्ता लुबाडल्यावर, ती परत मिळेल अशी आशा दाखवत त्यांना व्हॉइस चॅटवर तासन्‌तास ताटकळत ठेवले, गाणी म्हणायला लावली आणि त्या ध्वनिफिती पसरवल्या. लुबाडणूक नियमात बसत होती. पुढचा छळ बसत नव्हता, आणि त्याला खेळातून काढण्यात आले. यान मोडणे आणि माणूस मोडणे यांत कंपनीलाही फरक करावा लागला, फक्त खूप आरडाओरडा झाल्यावर केला.

प्रश्न : आमच्या मूल तालुक्यात लाइनचा भरवसा नाही. ‘एलिट डेंजरस’मध्ये लढाई ऐन रंगात असताना लाइन गेली की माझे यान समोरच्याच्या पडद्यावरून गायब होते. मग ते लोक मला पळपुटा म्हणतात, माझ्याविरुद्ध तक्रारी करतात. माझी चूक काय?

उत्तर : तुझी चूक नाही, पण त्यांचा संशयही अगदी निराधार नाही. या खेळात खेळाडूंचे संगणक एकमेकांशी थेट जोडलेले असतात, त्यामुळे हरायला लागल्यावर मुद्दाम वायर उपटणारा आणि लाइन गेल्याने बाहेर फेकला गेलेला, हे दोघे समोरच्याला सारखेच दिसतात. असे मुद्दाम करण्याला ‘कॉम्बॅट लॉगिंग’ म्हणतात आणि कंपनी ते नियमबाह्य मानते. मेनूमधून रीतसर बाहेर पडणे मात्र मान्य आहे. धोक्यात असताना त्यासाठी १५ सेकंद थांबावे लागते आणि तेवढा वेळ यान समोरच्याच्या तावडीत राहते. ‘ईव्ह’मध्ये हा प्रश्नच ठेवलेला नाही. तेथे दुसऱ्या खेळाडूवर हल्ला केल्यावर वायर काढली तरी यान १५ मिनिटांपर्यंत अवकाशात राहते.

लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर बंद पडतो. केवळ राउटरला पुरेल असा लहान यूपीएस बाजारात मिळतो, तो घेतलास तर लाइन गेल्यावर निदान १५ सेकंद काढून रीतसर बाहेर पडता येईल. पावसाळ्यात वादळवाऱ्याच्या दिवशी ‘ओपन’मध्ये लढाईला जाऊ नकोस. आणि लाइन आली की समोरच्याला दोन ओळींचा निरोप पाठव. तो विश्वास ठेवील किंवा न ठेवील, पण दुसऱ्याच्या डावाचा विचका झाला याची दखल घेणे हे तुझे काम आहे.

प्रश्न : मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. धानकापणीच्या दिवसांत आईवडील शेतात असतात आणि सहावी-सातवीची मुले घरचा मोबाइल घेऊन ‘अमंग अस’ हा अंतराळयानातला खेळ खेळतात, सोबत सगळे मिळून फोनवर जोडलेले असतात. एका मुलाला ठरवून प्रत्येक डावात पहिल्यांदा बाहेर काढतात आणि फोनवर त्याच्या जातीवरून, त्याच्या वडिलांच्या मजुरीवरून बोलतात. मुलांना विचारले तर म्हणतात, ‘मॅडम, हा खेळच खोटे बोलायचा आहे.’ तो मुलगा वर्गात बोलेनासा झाला आहे.

उत्तर : मॅडम, मुले अर्धे खरे बोलत आहेत, म्हणूनच त्यांना उत्तर देणे अवघड जाते. २०१८ मध्ये आलेल्या आणि टाळेबंदीच्या २०२० साली घराघरांत पोहोचलेल्या या खेळात यानावरच्या मंडळींत एक ते तीन जण गुप्त घातकी असतात. बाकीच्यांनी सभा बोलावून, वाद घालून, मतदानाने त्यांना ओळखायचे असते. खोटे बोलणे, आळ घेणे, बाहेर काढणे हे सगळे त्यात आहे. पण हे खोटे एका डावापुरते असते आणि पुढच्या डावात भूमिका बदलतात, यावरच तो खेळ उभा आहे. घातकी कोण हे न पाहता दर वेळी एकाच मुलाला काढायचे असे आधीच ठरले असेल, तर तेथे खेळ उरलेलाच नाही. मुलांना हेच विचारा : त्याला काढले त्या डावांत तो घातकी किती वेळा निघाला? मला वाटते, हा प्रश्न त्यांना उपदेशापेक्षा लवकर कळेल.

खेळात काही सोयी आहेत. ठरावीक वाक्येच निवडता येतील असा ‘क्विक चॅट’ आहे, तेरा वर्षांखालील मुलांच्या खात्याला पालकांची परवानगी लागते, लॉबी (डावासाठी खेळाडू जमतात ती जागा) उघडणारा एखाद्याला बाहेर काढू शकतो, तक्रारही करता येते. परंतु तुम्ही सांगता ती शिवीगाळ फोनच्या कॉलवर होते आणि ती कंपनीला दिसत नाही. त्यामुळे हा प्रश्न गावातच, शाळेतच सोडवावा लागेल.

जातीवरून बोलणे ‘खेळाखेळात झाले’ म्हणून सोडून देऊ नका, एवढी कळकळीची विनंती आहे. त्या मुलाशी आधी एकट्याने बोला, बाकीच्यांच्या पालकांना धानकापणी उरकल्यावर नव्हे, याच आठवड्यात बोलवा आणि जे शब्द वापरले गेले ते त्यांना जसेच्या तसे ऐकवा. मुलांचे वय पाहता सुरुवात पोलीस ठाण्यापासून करावी असे मी म्हणणार नाही, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ पासून अस्तित्वात आहे आणि जातीवाचक अपमान हा गंभीर विषय आहे, हे मोठ्यांना ठाऊक असले पाहिजे. त्या कॉलमध्ये कोणी मोठा माणूस सामील असेल तर मात्र थांबू नका. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, आणि मूल फारच मिटून गेले आहे असे वाटले तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

त्या मुलाचा मोबाइल काढून घेऊ नये, हेही त्याच्या घरी सांगा. त्रास त्याला झाला आणि खेळही त्याचाच बंद झाला, तर पुन्हा काही घडल्यावर तो कोणालाच सांगणार नाही.

प्रश्न : मी स्वतः ग्रीफिंग करतो, हे उघड लिहितो. अमरावतीला वसतिगृहात राहतो, गाव दर्यापूर तालुक्यात. ‘एलिट’मध्ये डेसियाट मंडळात थांबून नवशिक्यांची याने पाडतो. मजा येते. नियम मोडत नाही. तरी माझाच मित्र म्हणतो की तू हलकट आहेस. माझे काय चुकते?

उत्तर : तू मोकळेपणाने विचारलेस, म्हणून मोकळेपणाने सांगतो. डेसियाटच का, हे तुला चांगले ठाऊक आहे. यानाची उडी वाढवून देणारी पहिली कारागीर तेथे राहते, म्हणून बहुतेक नव्या खेळाडूला एकदा तेथे जावेच लागते, आणि त्याला अजून रडारही धड वाचता येत नसते. तुझ्या अद्ययावत यानासमोर तो दहा सेकंद टिकत नाही. यात तुझे कौशल्य कोठे लागले?

इंग्लंडमधील संशोधक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये ऑनलाइन खेळाडूंचे चार प्रकार मांडले होते : काही मिळवणारे, शोध घेणारे, गप्पागोष्टींसाठी येणारे, आणि इतरांवर जोर गाजवण्यात रस असलेले. हा चौथा प्रकार त्यांनी खेळाबाहेर ढकललेला नाही, त्यांच्या मांडणीत चारही प्रकारांचा एकमेकांवर परिणाम होतो. तेव्हा तुला लढाई आवडते यात गैर काहीच नाही. आपल्याकडे शंकरपटात समोरच्याची जोडी हरवण्यासाठी माणसे वर्षभर बैल जपतात आणि त्या ईर्ष्येला कोणी नावे ठेवत नाही. पण पटावर जोडी न उतरवता गावात नव्यानेच गोऱ्हे घेतलेल्या माणसाच्या गोठ्यात शिरून जनावराला इजा करणाऱ्याला कोणी पटकरी म्हणेल का? तुझा मित्र तुला एवढेच सांगत असावा.

आणखी एक गोष्ट तू पाहिली नसशील. ज्याला तू पाडतोस तो फार तर एक-दोनदा परत येतो, मग ‘सोलो’मध्ये जातो किंवा खेळच सोडतो. ‘ओपन’मध्ये माणसे भेटत नाहीत अशी तक्रार लढवय्ये खेळाडूच सर्वांत जास्त करतात, आणि ‘ओपन’ ओस पडण्यात तुझ्यासारख्यांचा वाटा आहे. लढायचेच असेल तर इनाम असलेल्यांच्या मागे जा, किंवा याच डेसियाटमध्ये उभे राहून नवशिक्यांना पाडणाऱ्यांना पाड. यान तेच राहील, हात तेच राहतील, आणि समोरचा तुझ्या तोडीचा असेल. एखाद्या नवशिक्याला पाडलेसच, तर निदान त्यानंतर त्याला संदेश पाठवून हिणवू नकोस. यान पाडल्याची शिक्षा खेळ देतो, पण माणसाचा पाठलाग करून त्याला घालूनपाडून बोललास तर प्रकरण कंपनीच्या आचारसंहितेत जाते आणि तेथे खाते जाऊ शकते.

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातील मुलगी आहे, वय १९. खेळात माझा आवाज ऐकल्यावर एक जण प्रत्येक ठिकाणी मागे येऊ लागला, आणि आता त्याने माझे इन्स्टाग्राम शोधून तेथे संदेश पाठवणे सुरू केले आहे. घरी सांगितले तर खेळ बंद होईल.

उत्तर : खेळातला पाठलाग आता खेळाबाहेर आला आहे, म्हणून यापुढे याला खेळ समजू नकोस. स्पष्ट नकार दिल्यावरही इंटरनेटवरून एखाद्या स्त्रीचा माग काढत राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. एकदा, एकाच वाक्यात, ‘मला संपर्क करू नका’ असे लिही आणि पुढे काहीही उत्तर देऊ नकोस. सगळे संदेश, त्याचे खेळातले नाव, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेव आणि त्यानंतर ब्लॉक कर, आधी नको. खेळात आणि इन्स्टाग्रामवर, दोन्हीकडे तक्रार कर. तरीही थांबला नाही तर केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते. घरी कोणाला तरी सांग असे मी म्हणेन, मोठी बहीण, मामी, ज्यांच्याशी तुझे जमते त्यांना. तू काही चुकीचे केलेले नाहीस.

प्रश्न : ‘ईव्ह’मधले चलन स्वस्तात देतो म्हणून एकाला यूपीआयने ४,००० रुपये पाठवले. पैसे घेऊन तो गायब झाला. खेळात फसवणूक चालते म्हणता, मग हेही गेलेच का?

उत्तर : नाही. खेळातील इस्कची फसवणूक खेळात राहते, बँक खात्यातील रुपयांची फसवणूक हा गुन्हा आहे. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक आणि त्याच्याशी झालेले बोलणे जपून ठेवा. मात्र खेळाबाहेर खऱ्या पैशांनी चलन विकत घेणे ‘ईव्ह’च्या नियमांविरुद्ध आहे, त्यामुळे कंपनीकडे गेलात तर चलन मिळणार नाही, उलट तुमच्याच खात्यावर कारवाई होऊ शकते. विकत घ्यायचेच असेल तर कंपनी स्वतः खऱ्या पैशांत विकते ते ‘प्लेक्स’ घ्या आणि ते खेळातल्या बाजारात विका.